यादीत नसलेली पुस्तिका

विनिता खानोलकर यांनी दिपिका नाखवाच्या प्रकल्पावर लाल पेनाने शून्य मारलं, तेव्हा त्यांच्या मनात कसलीच शंका नव्हती.

ठाणे पूर्वेच्या एका कॉलेजात त्या सव्वीस वर्षं ग्रंथपाल होत्या. राहायला डोंबिवलीत. इतकी वर्षं त्यांचा मुलांशी संबंध यायचा तो पुस्तक देताना, पुस्तक घेताना आणि 'हळू बोला' असं सांगताना. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाला 'माहिती साक्षरता' नावाचा एक छोटा विषय आला. तो शिकवायचा कोणी, यावर स्टाफरूममध्ये सगळे चहाच्या कपात बघत बसले. शेवटी प्राचार्य म्हणाले, "माहिती म्हणजे पुस्तकं. पुस्तकं म्हणजे खानोलकर मॅडम." झालं.

विनिता मॅडमनी तो विषय मनावर घेतला. पहिल्याच तासाला त्यांनी मुलांना एक कागद वाटला. त्यावर कॉलेजच्याच परिसराबद्दलचे, म्हणजे कोपरीबद्दलचे, तीन उतारे होते. एक जुन्या सरकारी ग्रंथातला, एक वर्तमानपत्रातला आणि एक एआयकडून लिहून घेतलेला. कुठला कुठून आलाय ते ओळखायचं होतं. साठातल्या बावन्न मुलांनी एआयचा उतारा सरकारी ग्रंथातला ठरवला, कारण तोच सगळ्यात नीटनेटका होता. त्यात एका देवळाचं बांधकामाचं सालसुद्धा होतं. फक्त ते देऊळ कोपरीत नव्हतं, कुठेच नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक तासाला त्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवायच्या: हे कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? दुसरं कोण तेच सांगतंय? बाकीचा फळा पुसला तरी तेवढा कोपरा पुसायचा नाही, असं त्यांनी शिपायालाही बजावलं होतं.

वर्षाच्या शेवटी प्रकल्प असायचा. आपल्या राहत्या भागावर दहा पानं, निदान पाच संदर्भ, आणि प्रत्येक संदर्भाला पानाचा नंबर. गेल्या वर्षी जमा झालेल्या एकेचाळीस प्रकल्पांपैकी एकोणीसमध्ये कधी छापलीच गेली नाहीत अशी पुस्तकं निघाली. लेखकाचं नाव, प्रकाशकाचा पत्ता, आवृत्ती, सगळं जिथल्या तिथे. एकात तर याच कॉलेजातून निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या नावावर तीनशे पानी ग्रंथ होता. विनिता मॅडमनी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "नाही हो, मी नाही लिहिलं. पण लिहायला हवं होतं असं आता वाटतंय."

तेव्हा त्या हसल्या होत्या. पण या वर्षी त्यांनी नियम केला. संदर्भ बनावट निघाला तर थेट शून्य, आणि नाव विभागप्रमुखांकडे.

दिपिकाचा प्रकल्प होता 'आमच्या खाडीतली मासळी'. ती शेजारच्याच कोळीवाड्यातली. वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची, फारसं बोलायची नाही, पण वहीत सतत काहीतरी लिहीत असायची. तिच्या पाच संदर्भांपैकी चार सापडले. पाचवा होता गुणाजी मास्तर नावाच्या कोणा लेखकाची पुस्तिका, 'खाडी आणि खाडीकर', १९८३. आणि निम्मा प्रकल्प याच पुस्तिकेवर उभा होता.

विनिता मॅडमनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाची यादी पाहिली. नाही. शहरातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाची पाहिली. नाही. सगळ्या ग्रंथालयांची मिळून जी एकत्र यादी इंटरनेटवर असते तीही पाहिली. तोपर्यंत संध्याकाळचे सहा वाजले होते आणि अजून चौदा प्रकल्प तपासायचे होते.

आठवड्याअखेर त्यांनी सात नावांची यादी विभागप्रमुख संदेश सरांना मेल केली. दुसऱ्या दिवशी वर्गात ती वाचून दाखवली. सहाजणांनी माना खाली घातल्या. सातवी, दिपिका, उभी राहिली.

"मॅडम, ते पुस्तक आहे."

"मग आण."

"आणता येणार नाही, मॅडम."

"फोटो दाखव. मोबाईल आहे ना?"

"फोटो काढू देत नाहीत."

"कोण काढू देत नाही?"

"दामाजी आजोबा."

वर्ग हसला. मागच्या बाकावरचा ऋतुराज, जो घोडबंदर रोडवरून यायचा आणि ज्याचं नाव यादीत पहिलं होतं, तो सगळ्यात मोठ्याने हसला. विनिता मॅडमनी गेल्या वर्षभरात असल्या किती सबबी ऐकल्या होत्या. पुस्तक मामाकडे राहिलं, पुस्तक भिजलं, पुस्तक गावाला गेलं. "बस खाली," त्या म्हणाल्या.

दिपिका बसली. तास संपेपर्यंत तिने वही उघडली नाही.

सोमवारी विनिता मॅडम ते सात प्रकल्प फाइलला लावत होत्या. पंचिंग मशीनमध्ये कागद सरकवताना दिपिकाच्या आठव्या पानावरच्या तळटिपेकडे त्यांची नजर गेली. तपासताना ती वाचली होती, पण वाचली होती म्हणजे नुसती पाहिली होती. तळटीप अशी होती: 'पान १४, ओळ ६. यापुढचे दोन शब्द कसरीने खाल्ले आहेत. मी ते अंदाजाने भरलेले नाहीत.'

त्यांनी मशीन बाजूला ठेवलं.

कसर म्हणजे कागद खाणारा तो चंदेरी बारीक किडा. सव्वीस वर्षं विनिता मॅडम त्याच्याशी झगडत होत्या. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला तो शब्द कुठून माहीत असणार? आणि जे पुस्तक नाहीच, त्याला कसर लागल्याचं कोण कशाला लिहील? एआयसुद्धा असं काही लिहू शकेल, नाही असं नाही. पण त्यांनी पाहिलेल्या बनावट पुस्तकांपैकी एकाचंही पान फाटलेलं, डागाळलेलं किंवा खाल्लेलं नव्हतं.

मग त्यांना त्या संध्याकाळची राहिलेली गोष्ट आठवली. खरं तर ती त्या विसरल्या नव्हत्या, फक्त तिच्याकडे बघितलं नव्हतं. तीन याद्या पाहून झाल्यावर त्यांनी मोबाईल काढून एआयलाच विचारलं होतं, की या नावाचं पुस्तक आहे का. उत्तर लगेच आलं होतं. अशा पुस्तकाची कोणतीही विश्वसनीय नोंद आढळत नाही, हा संदर्भ काल्पनिक असण्याची दाट शक्यता आहे. ते वाचून त्यांना बरं वाटलं होतं. मग त्यांनी लाल पेन उचललं होतं.

हे कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? त्या दोन प्रश्नांपैकी एकही त्यांनी त्या वेळी विचारला नव्हता.

दुपारी त्यांनी दिपिकाला ग्रंथालयात बोलावलं. ती आली आणि टेबलापासून दोन हात लांब उभी राहिली.

"मला ते पुस्तक बघायचंय," विनिता मॅडम म्हणाल्या.

"कधी?"

"तुझं शेवटचं लेक्चर झालं की."

दिपिकाने जरा विचार केला. "आजोबा घरी असतील. पण मॅडम, ते हात लावू देतील असं नाही."

"लांबून दाखवलं तरी चालेल."

चारला दोघी निघाल्या. कोपरीच्या बाजारातून, भाजीवाल्यांच्या हातगाड्यांमधून वाट काढत, पुढे खाडीच्या बाजूला. वाटेत विनिता मॅडमनी विचारलं, "कसर हा शब्द तुला कोणी सांगितला?"

"आजोबांनीच. मी वाळवी लिहिलेलं. ते म्हणाले, वाळवी लाकडाला, कागदाला कसर. नीट लिही."

दामाजी नाखवा नात्याने दिपिकाच्या आजोबांचे चुलतभाऊ. वय अठ्ठ्याहत्तर. कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीचे ते पंधरा वर्षं सेक्रेटरी होते. घर पक्कं, एकमजली, बाहेर फरशीची ओटी. ओटीवर त्यांची थोरली बहीण सगुणा पाय पसरून सुकट निवडत बसली होती. तिची दोन्ही घरं याच गल्लीत, माहेर आणि सासर, त्यामुळे ती दिवसाचा बराच वेळ भावाच्या ओटीवर असायची.

दिपिकाने ओळख करून दिली. "आजा, या आमच्या कॉलेजच्या मॅडम. पुस्तक बघायला आल्यात."

दामाजींनी चष्म्याच्या वरून विनिता मॅडमकडे बघितलं. "पीएच.डी. करता काय?"

"नाही हो. ग्रंथपाल आहे."

"पीएच.डी.वाला एक आलेला. पेढे घेऊन आलेला. एक घेऊन गेला, दोन दिवसांत परत आणून देतो बोलला. पंधरा वर्सं झाली, अजून येतोय." ते उठले, आत गेले, आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला. "दोनशे छापलेल्या मास्तरांनी. माझ्याकडे दोन होत्या. आता ही एकच."

प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक राखाडी पुस्तिका काढली. बत्तीसेक पानं, गंजलेल्या पिना. मुखपृष्ठावर होडीचं चित्र आणि नाव: 'खाडी आणि खाडीकर'. खाली लेखकाचं नाव. मागे छापखान्याचा कोपरीचा पत्ता. विनिता मॅडमनी हात मागेच ठेवले. दामाजींनी स्वतः पानं उलटून चौदावं पान काढलं आणि पुस्तिका त्यांच्यासमोर धरली. सहाव्या ओळीच्या शेवटी दोन शब्दांच्या जागी नागमोडी कुरतडलेलं भोक होतं. त्यातून दामाजींचा अंगठा दिसत होता.

"हिने चार रविवार इथे बसून उतरवून घेतलं," दामाजी म्हणाले. "फोटो नाय काढू दिला मी. फोटो काढला की माणूस वाचत नाय."

विनिता मॅडम दिपिकाकडे वळल्या. "मी चुकले," त्या म्हणाल्या. "पुस्तक आहे. तू खरं सांगत होतीस."

दिपिकाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"म्हंजे?" दामाजींनी विचारलं. "पोरीला खोटी ठरवली काय?"

"हो. वर्गात, सगळ्यांसमोर. मार्कही शून्य दिले."

"आजा, जाऊ दे," दिपिका म्हणाली.

"जाऊ दे काय जाऊ दे! चार रविवार माझ्या ओटीवर पाठ मोडून लिहीत बसलीस तू." त्यांनी पुस्तिका मिटली आणि पिशवीत घातली. विनिता मॅडमना बसा म्हणायचंही ते विसरले. मग सुकटीच्या सुपावरून मान वर न करता सगुणाबाई म्हणाल्या,

"आणि त्या पुस्तकात तरी समदं खरं हाय काय?"

"तू गप गो," दामाजी म्हणाले.

"का गप? ती मास्तरीण एवढी चालत आलीय. तिला सांग ना, चवदाव्या पानावर काय लिव्हलंय ते. मना वाचता येत नाय, पण पोरीने वाचून दाखवलेलं मी ऐकलंय."

दिपिकाने वही काढून वाचलं. "'जिताडा हा मासा एके काळी आपल्या खाडीत विपुल होता. परंतु सन १९७० नंतर तो येथे कोणीही पाहिलेला नाही.' आणि पुढचे शब्द गेलेत."

"कोनी पाह्यला नाय!" सगुणाबाईंनी सूप खाली ठेवलं. "माझ्या रतनला बघायला आलेले तवा काय शिजवलेलं मी? जितारा. याच खारीतला. माझ्या घरवाल्याने, नाथाने धरला, मी सवता चिरला. मास्तर आलेले सोसायटीत, बाप्यांना विचारून गेले. चुलीपाशी कोन आलं विचारायला?"

दिपिका वही मिटता मिटता थांबली. "आजी, हे तू मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस काय? तू पुस्तकच उतरवत व्हतीस."

दिपिकाचा चेहरा पडला. विनिता मॅडम हळूच ओटीच्या कडेला बसल्या. आपल्याला काही विचारायचा हक्क उरलाय का, याचा त्यांनी क्षणभर विचार केला, आणि मग विचारलंच. "आजी, ते साल कुठलं असेल?"

"साल मना काय ठाव. पावसाचे दिस व्हते."

"आणखी कोण होतं जेवायला?"

"जावई, दुसरं कोन. मयपत. त्याच्या ताटात वाढलेला."

सगुणाबाईंचे जावई महिपत कल्याणला राहत होते, हे दिपिकाला माहीत होतं. तिने मोबाईल काढला. "विचारू, मॅडम?"

"विचार. पण माशाचं नाव तू घेऊ नकोस," विनिता मॅडम म्हणाल्या. "सालही सांगू नकोस. फक्त विचार की बघायला आलात तेव्हा जेवायला काय होतं. आपण नाव घेतलं की माणूस हो म्हणतो. आजोबा, तुम्हीही काही बोलू नका, प्लीज."

दामाजींनी हाताची घडी घातली. फोन स्पीकरवर लागला.

"काय गो, सासूबाई बऱ्या हायत ना?" महिपतांनी आधी तेच विचारलं.

"बऱ्यायत. काका, एक विचारायचं होतं. तुम्ही रतन आत्याला बघायला आलेलात ना, तेव्हा जेवायला काय होतं?"

पलीकडे महिपत हसायला लागले. "हे काय आज मध्येच? मासा होता. एवढा मोठा की ताटात मावत नव्हता. डोकं मला वाढलेलं. मी लाजून खाईना, तर माझ्या बापाने उचलून स्वतःच्या ताटात घेतलं."

"कुठला मासा?"

"जिताडा. बापाने घरी येऊन पोरीचं सांगितलंच नाय कोणाला, जिताड्याचंच सांगत बसला."

सगुणाबाईंनी भावाकडे पाहिलं. दामाजी खाली बघत होते.

"आणि हे कधी, काका?"

"सत्त्याहत्तर. मी नुकताच वागळे इस्टेटला कंपनीत लागलेलो. पंधरा-वीस दिवस झाले असतील. रजा मागायची हिंमत नव्हती म्हणून रविवारी आलेलो."

विनिता मॅडमनी दिपिकाला खूण केली. तिला ती कळली. "काका, लागल्याची तारीख लिहिलेलं काही आहे का तुमच्याकडे?"

"ओळखपत्र हाय की कंपनीचं. जपून ठेवलंय. फोटोत डोक्यावर केस हायत माझ्या."

दहा मिनिटांनी मोबाईलवर ओळखपत्राचा फोटो आला. पिवळट कार्ड, भरपूर केसांचा एक तरुण, आणि खाली रुजू झाल्याची तारीख: ६ जून १९७७. दिपिकाने ती वहीत उतरवली.

"म्हणजे पुस्तक चुकीचं," ती म्हणाली.

"थांब," विनिता मॅडम म्हणाल्या. "त्यांनी जिताडा खाल्ला, इथपर्यंत दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलं, आणि सत्त्याहत्तर सालाला कागदही आहे. पण तो याच खाडीतला होता, हे फक्त आजी सांगतायत. बाजारातूनही आणलेला असू शकतो."

"मी खोटं बोलतंय?" सगुणाबाई म्हणाल्या.

"नाही, आजी. तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण वाचणारा तुम्हाला ओळखत नाही ना. त्याला कळायला हवं की हे एकीनेच सांगितलंय."

सगुणाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण हात चालत नव्हता.

"दोघांनी," दामाजी म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी पाहिलेला तो. नाथा होडीतून उतरला तेव्हा मी धक्क्यावर होतो. गोणपाटाखाली होता." त्यांनी चष्मा काढून बनियनच्या कडेला पुसला. "तेव्हा सोसायटीचा नियम होता, मोठी मासळी आधी सोसायटीत द्यायची. जितारा कोणी देत नव्हतं. लपवून घरी न्यायचे, नायतर बायका परस्पर इकडे-तिकडे विकून यायच्या. मास्तर विचारायला आले तेव्हा सगळे बसलेले. शेवटचा कधी पाहिला, विचारलं त्यांनी. कोण बोलणार? जो बोलेल त्याचं नाव पुढे. कोणीतरी सत्तर साल बोललं, बाकीच्यांनी माना हलवल्या. मी सेक्रेटरी. मी पण हलवली."

"आणि पुस्तक छापून आलं तवा?" सगुणाबाईंनी विचारलं.

"तेव्हा काय बोलणार. मास्तरांनी एवढं मन लावून लिहिलेलं." ते पिशवीवरून हात फिरवत राहिले. "नाथाला पण ठाव होतं. तो हसायचा. बोलायचा, आपण खाल्ला तो मासाच नव्हता म्हण की."

सगुणाबाई हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, "चाय टाक कोणीतरी. मास्तरीण कवाची बसलीय."

दिपिका आत गेली. दामाजींनी पिशवी उघडली, पुस्तिका पुन्हा बाहेर काढली आणि या वेळी विनिता मॅडमच्या हातात दिली. "बघा," ते म्हणाले. "बाकीचं पण वाचा. बाकीचं बरंच खरं हाय."

त्या रात्री घरी पोचल्यावर विनिता मॅडमनी पहिलं काम केलं ते संदेश सरांना मेल. दिपिका नाखवा हिचं नाव यादीतून काढावं, चूक माझी आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं. सरांचा लगेच फोन आला. "अहो, टायपिंग मिस्टेक म्हणून टाकू. तुम्ही कशाला एवढं अंगावर घेता?" त्या म्हणाल्या, "टायपिंगची नाहीये, सर. जशी आहे तशीच राहू द्या."

बुधवारी त्या वर्गात गेल्या. सव्वीस वर्षांत मुलांसमोर असं कधी उभं राहावं लागलं नव्हतं. त्यांनी हजेरी घेतली नाही. सरळ सांगितलं.

"दिपिकाचं पुस्तक खरं आहे. मी ते हातात घेऊन पाहिलं. मी तीन याद्या बघितल्या, त्यात ते नव्हतं, आणि मग मी एआयला विचारलं. ते म्हणालं काल्पनिक असेल. मी ते खरं मानून शून्य दिलं. तुम्हाला वर्षभर जे करू नका म्हणून सांगितलं, तेच मी केलं. दिपिका, मी तुझी माफी मागते."

दिपिका अर्धवट उभी राहिली, काय करावं ते न कळून पुन्हा बसली, आणि म्हणाली, "ठीकय, मॅडम."

मग विनिता मॅडमनी जिताड्याची गोष्ट सांगितली. महिपतांच्या बापाने उचललेल्या डोक्यापर्यंत पोचल्या तेव्हा वर्ग सैल झाला होता. पण दामाजींनी मान हलवल्याचं त्यांनी सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही, हे दिपिकाने आजोबांना विचारून ठरवायचं होतं.

ऋतुराजने हात वर केला. "मॅडम, पण मग कन्फ्यूजन आहे. एआय चुकलं, पुस्तक पण चुकलं. याद्यांत पण नव्हतं. मग मानायचं काय? एआय वापरायचंच नाही का?"

"वापर ना. मीही वापरणार आहे. काय शोधायचं ते सुचायला त्याची मदत होते. पण त्याने 'आहे' म्हटलं तर ते कुठे आहे ते बघून ये, आणि 'नाही' म्हटलं तर त्याने कुठे कुठे बघितलं असेल याचा विचार कर. दामाजी आजोबांच्या ट्रंकेत त्याने बघितलेलं नाही."

"आणि पुस्तक चुकलं तर?"

"तर ते का चुकलं ते शोध. मास्तर खोटारडे नव्हते. त्यांनी चार बाप्यांना विचारलं, बायकांना विचारायचं राहिलं. हे कळलं की त्यांच्या बाकीच्या पानांवर किती विसंबायचं तेही कळतं."

ऋतुराजने मान डोलावली. मग जरा थांबून म्हणाला, "मॅडम, माझी दोन पुस्तकं मात्र खरंच नाहीयेत." वर्ग खो खो हसला, विनिता मॅडमही हसल्या. त्या सहाजणांना त्यांनी दोन आठवडे दिले. विषय नवा घ्यायचा, आणि असा, की पायांनी चालत जाऊन कोणाला तरी विचारता येईल. ऋतुराजने आपण राहतो त्या टॉवरच्या जागी आधी काय होतं हा विषय घेतला. सोसायटीच्या वॉचमनपासून सुरुवात करतो म्हणाला.

पुढच्या काही दिवसांत बऱ्याच गोष्टी झाल्या. दामाजींनी फोटो काढायला परवानगी दिली, पण पुस्तिका घराबाहेर जाणार नाही आणि पानं मीच उलटणार, या अटीवर. एका सकाळी दिपिकाने ओटीवर बसून बत्तीस पानांचे फोटो काढले. त्यांची एक छापील प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात आली. विनिता मॅडमनी तिची नोंद यादीत घातली आणि नोंदीखाली एक ओळ जोडली: 'पान १४ वरील जिताड्याबद्दलच्या विधानासाठी सगुणाबाई आणि दामाजी नाखवा यांच्या मुलाखती पाहा.' दामाजींनी आपलं नाव घालायला स्वतःहून सांगितलं होतं.

दिपिकाने प्रकल्प पुन्हा लिहिला. ती मासळीबाजारात जाऊन सात जुन्या कोळणींना भेटली. आधी नाव न घेता विचारायचं, मग साल कशावरून आठवतं ते विचारायचं, असं तिने स्वतःच ठरवलं होतं. दोघींनी सत्त्याहत्तरच्या आसपासचं सांगितलं, एकीने मुलाच्या बारशावरून एक्याऐंशी, तिघींना नक्की आठवेना. सातवी म्हणाली, गेल्याच महिन्यात सुनेने मॉलमधून आणला, बर्फातला. दिपिकाने तेही लिहिलं, वेगळ्या परिच्छेदात.

या वेळी तिला वीसपैकी सोळा मिळाले. दुसऱ्या दिवशी ती फाइल घेऊन ग्रंथालयात आली. आता टेबलाजवळची खुर्ची ओढून बसली.

"मॅडम, चार कशाचे कापले?"

"सातही बायका एकाच रांगेत बसणाऱ्या आहेत ना? एकमेकींचं ऐकत आलेल्या."

"पलीकडच्या रांगेतल्या आमच्याशी बोलत नाहीत. जुनं भांडण आहे."

"ते मला माहीत नव्हतं," विनिता मॅडम म्हणाल्या. "पण वाचणाऱ्यालाही ते माहीत नाही. तेवढं तरी लिहायला हवं होतंस."

दिपिकाने फाइलीकडे पाहिलं, ओठ चावला. "लिहिलं असतं तर किती?"

"अठरा."

"आणि पलीकडच्या रांगेला जाऊन आले तर?"

विनिता मॅडम हसल्या. मार्क भरून गेलेत, आता काही बदलणार नाही, असं त्यांनी सांगून पाहिलं. दिपिका तोवर उठलीही होती. "ते ठीकय, मॅडम," ती म्हणाली. "पण तिथे एक म्हातारी बसते, आमच्या आजीपेक्षा मोठी. तिला विचारायला हवं." आणि फाइल टेबलावरच ठेवून ती बाजाराच्या दिशेने निघाली, कारण बारानंतर ती म्हातारी टोपली उचलून घरी जाते.